हाक कोणी मारायची

टॉर्चकाकाच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक पांढरा ठोकळा भिंतीतल्या प्लगला चिकटलेला आहे. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. बघणाऱ्याला वाटतं, मोबाइलचा जुना, जाडा चार्जर असेल. कामाला येणाऱ्या बाईने तसंच समजून तो एकदा उपसून तिथे मिक्सर लावला होता. एरवी तोंडातून शब्द न काढणाऱ्या ह्या माणसाने तेव्हा तिला इतकं सुनावलं की ती चार दिवस फिरकली नाही. तो चार्जर नव्हे, अख्खा कॉम्प्युटर आहे. पडदा नाही, कीबोर्ड नाही, पंखा नाही. भिंतीत खोचायचा आणि विसरून जायचं. त्याला दोन वायरी आहेत. एकीच्या टोकाला बारीकसा डोळा, तो छताच्या ट्यूबकडे बघत असतो. दुसरीच्या टोकाला वाटाण्याएवढा हिरवा दिवा.

हा दिवा ह्या घरच्या ट्यूबसाठी नाहीच. दूरच्या गावात टॉर्चकाकाच्या धाकट्या भावाच्या स्वयंपाकघरात ट्यूब लागली की इथला हिरवा दिवा लागतो, तिथली विझली की विझतो. इथली लागली की तिथेही तसंच. आवाज नाही, चित्र नाही, अक्षर नाही. दोन सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी अवाक्षरही बोलले नव्हते आणि त्यांचं सगळं नातं त्या वाटाण्यावर चाललं होतं.

टॉर्चकाका हे नाव इमारतीतल्या मुलांनी ठेवलेलं. भर उन्हातही शर्टाच्या खिशात टॉर्च असते म्हणून. मी त्याला नुसता टॉर्च म्हणते. त्याची थोरली बहीण माझी कॉलेजातली मैत्रीण, एका बाकावरची. तिच्या घरी मी ह्याला चड्डीत फिरताना पाहिलंय, मला काही काका म्हणवत नाही. तो मला इतरांसारखा बाई म्हणतो. आमची दारं समोरासमोर.

जन्मभर त्याने लिफ्ट बसवल्या आणि दुरुस्त केल्या. स्वतः मात्र जिन्याने चढतो. विचारलं तर म्हणतो, मला आतलं माहीत आहे. घरात सगळं एकेक. एक ताट, एक कप, एक उशी. खुर्च्या दोन आहेत, पण दुसरीवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा बसलेला असतो. कोणी आलंच तर त्याला उठवावं लागतं. सकाळी खिडकीतून ऊन ओट्यावर आलेलं असतानाही हा उठल्या उठल्या ट्यूब लावतो. उजेडासाठी नाही, तिकडे दिसावं म्हणून. मग चहा घेऊन दिव्यासमोर बसतो. दिवा लागला की कप धुतो आणि दिवस सुरू होतो.

भांडण कशाचं ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

लिफ्टचं काम जोडीने करायचं असतं. एक जण वर, गच्चीजवळच्या मशीनच्या खोलीत. दुसरा खाली, लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभा. मधे अंधारा उभा बोगदा. एकमेकांना दिसत नाहीत, नुसते आवाज. नियम असा की खालच्याने हाक मारायची, ‘वर घे.’ वरच्याने लगेच डबा हलवायचा नाही. तीच हाक जशीच्या तशी परत द्यायची. ती कानावर आली की खालचा, डबा ज्यावरून सरकतो त्या रुळावरचा हात काढून अंग आत घेतो, आणि मगच वरचा बटण दाबतो. टॉर्च मोठा म्हणून कायम वर, धाकटा कायम खाली. दोघं एकाच उस्तादाकडे शिकले, एकाच कंपनीत लागले, लोक त्यांना जोडी म्हणूनच बोलावत.

एके दिवशी धाकट्याचा हात रुळावर असतानाच डबा हलला. उजव्या हाताची बोटं गेली. धाकटा म्हणाला, मी हाक मारली, उलट हाक आली नाही म्हणून हात तसाच ठेवला, तेवढ्यात डबा हलला. टॉर्च म्हणाला, हाक आलीच नाही, मी बटणाला हात लावला नाही, ब्रेक सुटला. कंपनीने चौकशी केली, ब्रेकचं कारण लिहिलं आणि हात झटकले. धाकट्याने गाव सोडलं, एका हार्डवेअरच्या दुकानात काउंटरवर बसला आणि एकटाच राहिला. टॉर्चची बायको पुढे वारली. मूलबाळ नव्हतं. म्हणजे दोन गावांत दोन एकटे पुरुष, आणि मधे त्यांची ताई.

ताई, म्हणजे माझी मैत्रीण, दोघांचं ऐकून घ्यायची. हा फोन करून विचारणार, तो कसा आहे? तो फोन करून विचारणार, ह्याच्या गुडघ्याचं काय झालं? कोण खरं बोलतंय हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही आणि तिने विचारायचंही सोडून दिलं होतं. आजारी पडली तेव्हा तिने कुठलीशी जाहिरात बघून ही दोन यंत्रं मागवली. म्हातारे आईबाप लांब राहतात अशा मुलांसाठी कंपनी ती विकायची. एकेक दोघांना पाठवलं आणि सांगितलं, “बोलू नका हवं तर. पण जिवंत आहात एवढं तरी एकमेकांना कळू द्या. मी आता किती दिवस पुरणार.” पुरली नाहीच. ती गेली त्या दिवशी दोघं आले, खोलीच्या दोन टोकांना उभे राहिले आणि दोन दारांनी गेले. तेव्हापासून निरोप सांगणारं कोणी नाही, नुसता दिवा.

एका सकाळी दिवा लागला नाही.

टॉर्चने माझी बेल वाजवली. दारात उभा, हातात रिकामा कप. “बाई, तिकडे अंधार आहे,” म्हणाला. मी म्हटलं, झोपला असेल. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, मग फोन कर. त्याने फोन काढला, भावाच्या नंबरापर्यंत गेला, नंबराकडे बराच वेळ बघितलं आणि फोन खिशात ठेवला. चेहरा इतका उतरलेला की मी चप्पल घालून त्याच्या घरी गेले. दिव्याची वायर हलवून झाली, ठोकळा काढून परत खोचून झाला. शेवटी मी त्याचा लॅपटॉप उघडून ईमेल पाहिली. कंपनीची सूचना कधीपासून न वाचलेली पडली होती. कंपनी दुसऱ्या कोणी विकत घेतली होती आणि नव्या मालकांना ह्या यंत्रांत रस नव्हता. सेवा आजपासून बंद.

आता गंमत बघा. ही दोन यंत्रं एकमेकांशी थेट बोलतच नव्हती. इथलं यंत्र कंपनीच्या मोठ्या मशीनला सांगायचं, ट्यूब लागली. ते मशीन तिथल्या यंत्राला सांगायचं. म्हणजे ताईसारखंच. मधलं माणूस गेलं होतं, आता मधलं मशीनही गेलं.

धाकटा मेलेला नाही हे कळल्यावर टॉर्चला हायसं वाटावं ना? तो खुर्चीत बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. मेलेला नाही हे आज कळलं, उद्याचं काय? मग हळूच मला म्हणाला, तुम्ही रोज त्याला एक फोन केलात तर. काहीही विचारा. मला फक्त सांगा, उचलला म्हणून.

मी साफ नाही म्हटलं. त्याच्या बहिणीने ते काम आयुष्यभर केलं आणि त्यातून निष्पन्न काय झालं तर दोन वाटाणे. म्हटलं, नंबर तुझ्याकडे आहे, बोट तुझ्याकडे आहे, दाब.  दोन दिवस त्याच्या घरात ट्यूब सकाळपासून रात्रीपर्यंत जळत होती. ती तिकडे दिसत नाही हे त्याला माहीत होतं, तरी.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी तो परत आला, लॅपटॉप घेऊन. ह्या अनाथ यंत्रांचे मालक जगभर पसरले होते आणि त्यांनी इंटरनेटवर एक फोरम उघडला होता; कोणी अडचण लिहायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. तिथे एका भल्या माणसाने एक पान लिहिलं होतं. यंत्रातली कंपनीची व्यवस्था पुसून टाका, त्या जागी लिनक्स नावाची दुसरी व्यवस्था घाला, मी लिहिलेला छोटा प्रोग्रॅम त्यावर चढवा, म्हणजे दोन घरं मधल्या कोणाशिवाय थेट बोलतील. सगळं फुकट, सगळं इंग्रजीत, आणि सगळं आपल्या जबाबदारीवर. टॉर्चला कामापुरतं इंग्रजी येतं, पण हे पान भलतंच लांब होतं. वाचून दाखवाल का, म्हणाला. ह्याला मी नाही म्हटलं नाही. मला वाचायला येतं आणि माझ्या दुपारी मोकळ्या असतात.

पहिल्या दिवशी त्याने भलतंच लिनक्स उतरवून आणलं. साध्या कॉम्प्युटरचं. ठोकळ्यातल्या प्रोसेसरची जातच निराळी, एआरएम म्हणतात. त्याला मोठ्यांचं लिनक्स गिळता येत नाही, त्याच्या मापाचं वेगळं लागतं. हे पानावर ठळक अक्षरांत होतं आणि मी वाचूनही दाखवलं होतं. ‘सगळ्या लिफ्ट सारख्याच असतात’ असं काहीतरी पुटपुटत त्याने ते ओलांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी योग्य ते आणलं. पण यंत्राला पडदा नाही, मग बोलायचं कसं? तर पोटाशी एक भोक असतं, त्यात केबल घालून लॅपटॉपला जोडायची, की लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत यंत्राचं मनोगत उमटतं. आमच्या खिडकीत उमटला भुसा. चौकोन, उलटी अक्षरं, प्रश्नचिन्हं. दोन्ही टोकांचा वेग जुळला नाही की असं होतं, हेही पानावर होतं. वेग जुळवला तेव्हा नीट ओळी आल्या आणि टॉर्च खूश झाला. ब्रेक कुरकुरतोय तो कुठे हे सापडल्यावर मिस्त्री होतो तसा.

पुढे एक जागा आली तिथे मात्र मी वैतागले. यंत्र जागं होताना क्षणभर थांबून विचारतं, काही सांगायचं आहे का? तेवढ्यात एखादी कळ दाबली तर ते तुमचं ऐकतं; नाही तर आपल्या जुन्या वाटेने चालू लागतं. टॉर्च प्रत्येक वेळी यंत्राचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचा, मग सावकाश कळ दाबायचा. तोवर ते निघून गेलेलं असायचं. परत बंद, परत चालू. मी म्हटलं, अरे, ते बोलतंय तोवरच दाब. तो म्हणे, समोरच्याचं बोलणं संपू द्यावं. शेवटी ती कळ मी दाबली.

खरं जोखमीचं काम तिसऱ्या दिवशी. यंत्र जागं झाल्यावर सगळ्यात आधी जो बारका प्रोग्रॅम वाचतं, तोच बदलायचा होता; जुन्याला नवं लिनक्स उचलता येत नव्हतं. पान लिहिणाऱ्याने बजावलं होतं, हे चालू असताना वीज गेली तर यंत्र मेलं, मग ते दार अडवायला दगड म्हणून वापरा. टॉर्चने ते वाक्य मला परत वाचायला लावलं. उठला, माळ्यावरून आपली जुनी पाटी काढली, ‘काम चालू आहे, हात लावू नये,’ आणि ती इमारतीच्या मीटरच्या खोलीत मेन स्विचवर अडकवली. एवढ्याने भागेना म्हणून वॉचमनला स्टूल देऊन तिथे बसवलं. लिफ्ट सुरू होताना व्होल्टेज खाली येतं म्हणून लिफ्टही बंद केली. इमारतीचे सेक्रेटरी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत वर आले ते धापा टाकतच आमच्या दारात. ह्याच्या चार्जरसाठी आम्ही पायपीट करायची का, म्हणाले. टॉर्चने बोट ओठांवर ठेवलं, जणू आत कोणाचं ऑपरेशन चाललंय. सेक्रेटरी चक्क गप्प बसले आणि त्याच वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर टेकले. काळ्या खिडकीत टिंबं एकामागून एक सरकत होती. टॉर्चचे दोन्ही हात मांडीखाली दाबलेले होते, चुकून कशाला लागू नयेत म्हणून.

टिंबं संपली. यंत्र बंद करून परत चालू केलं. ओळींचा पूर आला, थांबला आणि तळाशी यंत्राने नाव विचारलं. लिनक्स चढलं होतं. सेक्रेटरी म्हणाले, झालं? आता लिफ्ट? टॉर्च पाटी काढायला खाली पळाला, जिन्यानेच.

संध्याकाळी प्रोग्रॅम चढवला. पानाचा शेवटचा परिच्छेद मी वाचला. मधलं मशीन आता नाही, त्यामुळे दोन घरांपैकी एकाने हाक मारायची आणि दुसऱ्याने थांबून राहायचं. हाक मारणाऱ्याला थांबलेल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता लागेल. कोणी काय करायचं ते आपसात आधी ठरवा. मी वाचायची थांबेपर्यंत टॉर्चने ‘थांबणारा’ असं लिहून टाकलंसुद्धा. विचार नाही की काही नाही. मी म्हटलं, आणि हाक कोण मारणार? तर म्हणाला, खालचा.

मग आम्ही वाट बघितली. म्हणजे त्याने बघितली. मी मधूनमधून डोकावायचे. यंत्र धडधाकट होतं, जागं होतं, कान लावून बसलेलं होतं. दिवा काही लागत नव्हता. टॉर्च वाळला. चहा करायचा आणि प्यायचा विसरायचा. दुधाच्या पातेल्यावर दुपारपर्यंत साय धरलेली. जिन्यात भेटला की माझ्याकडे न बघता म्हणायचा, त्याला हे लिनक्स वगैरे जमणार नाही, एक हात धड नाही त्याचा. मला वाटायचं, दुसरंच काहीतरी त्याच्या मनात आहे आणि ते तो तोंडाने म्हणत नाही.

फोरम तो रोज वाचायचा. एका दुपारी माझ्या दारात आला आणि लॅपटॉप माझ्या हातात दिला. कोणीतरी इंग्रजीत अडचण लिहिली होती. नाव नव्हतं, नुसता आकडा. मजकूर असा: वीज पाहिली. झाकण लावलं. आजूबाजूला मोकळं आहे. माणूस बाजूला आहे. लिनक्स घातलं. यंत्र थांबणारं ठेवलं आहे. समोरच्या घराकडून हाक येत नाही. माझ्या बाजूला काही दोष आहे का? आणि खाली आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता, पूर्ण.

खाली लोकांनी विचारलं होतं, माणूस बाजूला आहे म्हणजे काय? हा कुठल्या सेटिंगचा भाग? टॉर्चला विचारायची गरज नव्हती. लिफ्टचा डबा हलवण्याआधी त्यांचा उस्ताद ह्याच क्रमाने सगळं बोलून दाखवायला लावायचा. वीज, झाकण, आजूबाजू, माणूस.

म्हणजे धाकटा ठणठणीत होता. त्यानेही तेच पान शोधून काढलं होतं, उरलेल्या बोटांनी तेच सगळं केलं होतं, शेवटचा परिच्छेद वाचला होता आणि न बिचकता ‘थांबणारा’ लिहिलं होतं. दोन गावांत दोन यंत्रं कान टवकारून बसली होती. एकाच्याही तोंडून शब्द निघणार नव्हता. मला हसू आवरेना. टॉर्च हसला नाही.

मी म्हटलं, चल, तुझं बदल. एका ओळीचं काम आहे. त्याने मान हलवली. हाक खालच्याने मारायची, वरच्याने थांबायचं, हा नियम आहे, म्हणाला. मी म्हटलं, तू वर नाहीस आणि तो खाली नाही, लिफ्टचं काम दोघांचंही कधीच सुटलं.  मग मी फोरमवरची उत्तरं पुढे वाचली. तीनचार जणांनी धाकट्याला बजावलं होतं की घराचा पत्ता असा चव्हाट्यावर टाकू नये, कोणीही चोर येऊन यंत्रात शिरेल, ताबडतोब काढा. तो कसा काढायचा तेही एकाने समजावलं होतं. धाकट्याने त्यांचे आभार मानले होते. पत्ता होता तिथेच होता.

मी लॅपटॉप टॉर्चकडे वळवला. “इतक्या जणांनी सांगूनही त्याने तो पुसला नाही. कोणासाठी ठेवलाय रे? हाक म्हणजे आणखी काय असते?”

तो लॅपटॉप उचलून निघून गेला. दार लावून घेतलं. मी मागे गेले नाही. बेल वाजवून माणसाला शहाणं करता येत नाही हे मला एवढ्या वर्षांत कळलेलं आहे, जरी पटलेलं नसलं तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं दार उघडं होतं. तो ओट्याशी बसला होता, पुढ्यात काळी खिडकी. ‘थांबणारा’ खोडून त्याने ‘हाक मारणारा’ केलं होतं, पत्ता आकड्यागणिक तपासून भरला होता. उरली होती ती एक कळ.  मी काही बोलले नाही. मला ते किती जड गेलं ते मलाच ठाऊक. त्याने टॉर्च खिशातून काढून ओट्यावर ठेवली, घसा साफ केला, जणू खरोखरच ओरडायचं आहे, आणि कळ दाबली.

एक ओळ आली: हाक मारत आहे. मग दुसरी: उत्तर मिळालं.

हिरवा दिवा मात्र लागला नाही. भर दुपार होती, तिकडे ट्यूब लावलेली नसणार. मी घरी गेले. संध्याकाळी दार उघडून पाहिलं, तर समोरच्या दाराखालून नेहमीसारखा ट्यूबचा पांढरा उजेड येत होता. आत गेले. दिवा लागलेला होता. टॉर्च त्याच्याकडे बघत नव्हता, भांडी घासत होता. पाठमोराच म्हणाला, सव्वा सहाला लागला. तो जेवायला लवकर बसतो आता. दुकानातली नोकरी सुटली असेल.

इथे गोष्ट संपली असं मलाही वाटलं होतं. आठवड्याभराने त्याने परत लॅपटॉप आणला. धाकट्याने आपल्या अडचणीखाली इंग्रजीत लिहिलं होतं, चालू झालं. माझ्या बाजूला मी काही बदललेलं नाही. बस. ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना तो एक साधा खुलासा. टॉर्चने मला विचारलं, ह्याच्या खाली आपल्याला लिहिता येतं का? म्हटलं, सांग, मी इंग्रजी करून देते. नको, म्हणाला, इंग्रजी नको. एका बोटाने, अक्षर शोधत, तो आपल्या भाषेत लिहू लागला. मला वाचू नका म्हणाला नाही, म्हणून मी वाचलं.

“त्या दिवशीही हाक आली होती. मी उत्तर मनात दिलं. इतकी वर्षं देत होतो, तोंडाने दिलंच असं वाटलं. आणि बटण दाबलं. ब्रेक सुटला नव्हता.”

पाठवलं आणि लॅपटॉप मिटला. माझ्याकडे बघितलं नाही. मीही माझ्या मैत्रिणीचं नाव काढलं नाही. ती जन्मभर ज्या उत्तराशिवाय जगली ते आता जगभरच्या अनोळखी लोकांच्या मधे पडलं होतं आणि तिथे एकालाच ते वाचता येणार होतं.

दोन दिवसांनी कुठल्यातरी दूरच्या देशातल्या माणसाने त्याखाली विचारलं होतं, ही कोणती भाषा आहे? केबलबद्दल काही सांगितलं असेल तर कृपया इंग्रजीत सांगा, माझीही अडचण तीच आहे.

त्याला उत्तर धाकट्याने दिलं. केबल ठीक आहे. हे आमचं घरचं आहे.

टॉर्चने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, जणू त्याला इंग्रजी येतच नाही. फोन अजून कोणी कोणाला केलेला नाही. मी विचारायचं सोडलंय. वीज गेली की त्याचं यंत्र बंद पडतं आणि परत आल्यावर पुन्हा हाक मारावी लागते. पानावर ते आपोआप करायची सोय दिली आहे, मी वाचूनही दाखवली. त्याने ती घातली नाही. वीज आली की तो स्वतः ओट्याशी जाऊन बसतो, काळी खिडकी उघडतो आणि कळ दाबतो.